आधीं कान, मग कंठ

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं आठ दिवस एक विलक्षण शांतता नांदली. ती आम्हीं मागितलेली नव्हती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं ती आमच्यावर लादली होती. माझी नात बारा वर्षांची आहे. गळा गोड म्हणून इमारतींतील गणेशोत्सवापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत तिला सर्वत्र बोलावणें असावयाचें. एका गायनस्पर्धेची पहिली फेरी ती जिंकली. दुसऱ्या फेरीस पंधरा दिवस उरले असतां एके सकाळीं तिनें मला चहासाठीं हांक मारली, ती फुटक्या बांबूंतून वारा निघावा तशी. डॉक्टरांनीं घसा तपासला, स्वरतंतूंवर सूज असून गांठी धरण्याचा रंग दिसतो असें सांगितलें आणि हुकूम सोडला, "आठ दिवस एक शब्दहि बोलावयाचा नाहीं. कुजबुजावयाचेंसुद्धां नाहीं."

वाचकहो, या प्रकरणांतील मुख्य अपराधी प्रस्तुत लेखकच होय. रोज संध्याकाळीं तिला समोर बसवून, "मोठ्यानें गा, शेवटच्या रांगेपर्यंत पोंचलें पाहिजे," असें मीच सांगत होतों. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना मीं तरी दुसरें काय केलें? साठ मुलांचा वर्ग, खिडकीबाहेर रहदारीचा रस्ता, आणि या दोहोंवर मात करावयास एक घसा! पन्नाशीच्या आंतच माझा आवाज बसला, तो आजतागायत उठलेला नाहीं. ज्यानें स्वतःचा गळा असा घालविला, त्यानें नातीस गळ्याची शिकवण द्यावी यांतील विपरीतपणा मला त्या दवाखान्याच्या बांकावर उमगला.

त्या आठ दिवसांत मीं कपाटांतील कांहीं पुस्तकें पुन्हां उघडलीं. त्यांत डॉ. अशोक दा. रानडे यांचीं पुस्तकें होतीं. आवाज, नाद आणि संगीत यांचा या गृहस्थांनीं जन्मभर अभ्यास केला, त्यांतून स्वतः रचना केल्या आणि तेंच इतरांस शिकविलें. हल्लीं पाश्चात्त्य देशांत 'ध्वनिकलावंत' असा एक नवा वर्ग मानतात. नाद हेंच ज्याचें द्रव्य, असा तो कलावंत होय. आपल्याकडे या वर्णनाच्या जवळ जाणारा आणि त्याबरोबरच हाडाचा अध्यापक असलेला पुरुष शोधूं लागलों, तर मला प्रथम रानडे आठवतात. त्यांच्या कार्याची ओळख आणि त्यांतून आमच्या विक्रोळीच्या घरांत काय घडलें त्याची हकीकत, अशी या लेखाची दुहेरी वीण आहे.

प्रथम या गळ्याचीच ओळख करून घेऊं. सतारीची तार हातभर लांब असते. परंतु प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू जेमतेम दोन सेंटिमीटरांच्या आसपास लांबीचे, स्त्रीचे त्याहून आंखूड, आणि मुलांचे तर त्याहूनहि. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेनें हे दोन नाजूक पडदे एकमेकांवर आदळतात आणि नाद उत्पन्न होतो. पुरुष साधें बोलतो तेव्हां हा आघात सेकंदास सुमारें १०० ते १२५ वेळां होतो. स्त्री बोलते तेव्हां सुमारें २०० वेळां. आणि एखादी मुलगी गातां गातां तारसप्तकांत शिरली म्हणजे हा आंकडा ५०० च्याहि पुढें जातो. १०० चाच हिशेब धरला तरी तासभर अखंड स्वर काढणाऱ्या माणसाचे हे इवलेसे पडदे ३,६०,००० वेळां आपटतात. हाताच्या तळव्यांनीं इतक्या टाळ्या वाजविल्या तर त्यांचें काय होईल? शिक्षकवर्गांत आवाजाचे विकार इतर व्यवसायांपेक्षां अधिक आढळतात, हें आतां वैद्यकानें मान्य केलें आहे. आणि कुजबूज म्हणजे विश्रांति ही आपली समजूतहि चुकीची आहे. जोर लावून कुजबुजतांना स्वरयंत्राभोंवतालचे स्नायू आवळलेलेच राहतात.

हें सारें पाश्चात्त्यांकडून आलेलें ज्ञान, असें कोणी समजूं नये. पाणिनीय शिक्षेंत आवाजाच्या जन्माचें मोठें मार्मिक वर्णन आहे. प्रथम बोलण्याची इच्छा, मग मन, मनानें चेतविलेला देहांतील अग्नि, त्यानें हलविलेला वायु, आणि तो वायु उरांत फिरूं लागला कीं उठणारा मंद्र स्वर. म्हणजे आवाजाचा आरंभ गळ्यांत नसून मनांत आणि श्वासांत आहे. त्याच ग्रंथांत उच्चार कसा करावा यास वाघिणीचा दृष्टांत दिला आहे. वाघीण आपलीं पिल्लें दांतांत धरून नेते. तीं पडूं नयेत आणि त्यांस दांतहि लागूं नयेत, इतकीच तिची पकड असते. अक्षरें अशीं उच्चारावीं. हा दृष्टांत मीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितला. पण सांगितला ओरडून!

तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. कोणी दांत आवळून गातो, कोणी तोंड वासून. कोणाचा स्वर कावळ्यासारखा, तर कोणी उंटासारखी मान उंचावतो. कोणाच्या कपाळावरच्या शिरा फुगतात, कोणाचे गाल भोपळ्यासारखे होतात. कोणी भीतभीत गातो, कोणी नाकांत गातो. या यादींत एक दोष 'अनवधान' असा आहे. ज्याचें लक्ष ठिकाणावर नाहीं, तो अनवधान. बाकीचे बरेचसे दोष तोंडाचे, मानेचे व घशाचे. हा एक मनाचा आणि कानाचा. मला वाटतें, इतर दोषांचें मूळहि बहुधा येथेंच आहे. जो स्वतःस ऐकतो, त्यास आपल्या शिरा फुगल्याचें कळतें. जो ऐकत नाहीं, तो ओरडतो.

मग हें ज्ञान आपल्या गायनशिक्षणांत कोठें गेलें? जुन्या पद्धतींत शिष्य गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें राहावयाचा. पहिलीं कांहीं वर्षें पाणी भरणें, तंबोरा धरणें आणि ऐकणें यांतच जावयाचीं. त्या ऐकण्यांतून गळा आपोआप घडे. ज्याचा घडत नसे, तो मागें पडे आणि त्याची नोंद कोणी ठेवीत नसे. पुढें पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि गायन घरंदाज मुलामुलींस खुलें झालें. हा मोठाच उपकार. परंतु आठवड्यांतून दोन तासांच्या वर्गांत बारा वर्षांचें ऐकणें कसें मावणार? गाणीं पाठ होऊं लागलीं. आवाज मात्र दैवाच्या हवालीं राहिला.

ही उणीव ज्यांनीं ओळखली त्यांत प्रोफेसर बा. र. देवधर अग्रगण्य होत. यांचा जन्म १९०१ सालचा, मिरजेचा. पलुसकरांच्या परंपरेंत वाढलेल्या देवधरांनीं १९२५ सालीं मुंबईस आपलें संगीतविद्यालय काढलें. स्क्रिंझी नांवाच्या इटालियन संगीतज्ञापाशीं पाश्चात्त्य संगीताचें शिक्षण घेतलें, आणि आवाज कसा उत्पन्न होतो, कसा बिघडतो व कसा जोपासावा याचा शास्त्रीय अभ्यास केला. आपल्या विद्यार्थ्यांनीं एकाच घराण्याच्या चौकटींत कोंडून घेऊं नये, सर्वांचें ऐकावें, हा त्यांचा आग्रह होता. कुमार गंधर्व अकरा-बारा वर्षांचे असतां त्यांच्याच हातीं सोंपविले गेले.

कुमारजींचें पुढील चरित्र आमच्या विषयास इतकें लागू आहे कीं तें येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. ऐन उमेदींत, १९४७-४८ च्या सुमारास, त्यांना क्षयाची बाधा झाली. हवापालटासाठीं ते माळव्यांतील देवास येथें जाऊन राहिले. वैद्यांनीं गाण्यास बंदी केली, ती सुमारें पांच वर्षें. त्या सक्तीच्या मौनांत त्यांनीं काय केलें? त्यांनीं ऐकलें. माळव्याच्या बायाबापड्यांचीं लोकगीतें त्यांनीं अंथरुणावरून ऐकलीं, पुढें तीं गोळा केलीं, आणि त्या धुनांच्या पोटांतून नवे राग सिद्ध केले. पुन्हां गाऊं लागले तेव्हां फुप्फुसाची शक्ति पूर्वींची नव्हती, परंतु गाणें पूर्वींपेक्षां मोठें झालें होतें. गळा मिटला असतां कान उघडला, त्याचें हें फळ.

याच देवधरांपाशीं आवाज-साधनेचे धडे ज्यांनीं घेतले, ते अशोक रानडे. जन्म २५ ऑक्टोबर १९३७, पुणें. पं. गजाननराव जोशी, प्रल्हादराव गानू आणि लक्ष्मणराव बोडस यांच्याकडे त्यांनीं गायनाची तालीम घेतली. साहित्याचा आणि कायद्याचा अभ्यास वेगळाच. मुंबई विद्यापीठानें संगीताचें केंद्र काढलें तेव्हां त्याचे पहिले संचालक तेच झाले. पुढें नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेंत त्यांनीं नाट्य आणि लोकसंस्कृतींचें संगीत या विषयांवर संशोधन केलें. 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १९७१ सालीं व 'लोकसंगीतशास्त्र' १९७५ सालीं निघाला. हिंदी चित्रपटगीतावर त्यांनीं लिहिलेला मोठा इंग्रजी ग्रंथ २००६ सालचा आहे. ३० जुलै २०११ रोजीं ते मुंबईस वारले.

हा तपशील कोणत्याहि विद्वानाचा असूं शकेल. रानड्यांचें वैशिष्ट्य असें कीं त्यांचें शिकविणें आणि त्यांची निर्मिति यांच्यांत भिंत नव्हती. 'बैठकीची लावणी', 'देवगाणी' यांसारखे कार्यक्रम त्यांनीं रचले. बैठकीची लावणी ही फडावरच्या लावणीहून निराळी. गाणारी बसूनच गाते. नाचण्याचें सारें काम तिचे डोळे, चेहरा आणि हात करतात. आणि गळ्यास ख्याल-ठुमरीच्या अंगानें खुलण्यास वाव मिळतो. अशा विस्मृत होत चाललेल्या रचना शोधावयाच्या, त्या चांगल्या गळ्यांत बसवावयाच्या, आणि गाण्याआधीं चार शब्द बोलून श्रोत्यांचा कान तयार करावयाचा, असें हें काम होतें. यास व्याख्यान म्हणावें कीं मैफल? श्रोता रंजन झालें म्हणून घरीं जाई आणि न कळत कांहीं शिकून जाई. उत्तम अध्यापनाची मला याहून चांगली व्याख्या सुचत नाहीं.

त्यांच्या विचारांतील एक सूत्र तर प्रत्येक घरांत उपयोगी पडेल असें आहे. आपण संगीताचे 'शास्त्रीय' आणि 'बाकीचें' असे दोन भाग करतों आणि मोकळे होतों. रानड्यांनीं सहा प्रकार मानले. आदिम संगीत, लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत आणि संगम-संगीत. डहाणूकडच्या वारल्यांचा तारपा पहिल्यांत बसेल. जात्यावरची ओवी ती लोकसंगीत. भजन व आरती तें भक्तिसंगीत. ख्याल-ध्रुपद तें कलासंगीत. चित्रपटगीत तें जनसंगीत. आणि दोन निराळ्या संगीतसंस्कृति एकत्र आल्या म्हणजे संगम. यांत वरचा-खालचा असा भेद नाहीं. प्रत्येकाचें प्रयोजन वेगळें, बसण्याउठण्याची रीत वेगळी, आणि म्हणून आवाजाची ठेवणहि वेगळी.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांत हे बहुतेक प्रकार एकाच दिवसांत नांदतात. माझ्या लहानपणीं पहाटे आजी ओवी म्हणे, तिन्हीसांजेस सर्वजण आरती म्हणत, रात्रीं काका रेडिओवर ख्याल लावीत आणि दुपारीं आत्या चित्रपटांतील गाणें गुणगुणे. आजीची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चाले. तिचा श्वास आणि जात्याचा फेरा एकच. ती कोणास ऐकविण्यासाठीं नव्हती, म्हणून तिला घसा ताणण्याचें कारण नव्हतें. आरती उघड्या गळ्यानें, सर्वांनीं मिळून. तेथें एकाच्या आवाजाची कसोटी नाहीं. ध्वनिक्षेपकापुढें गाइलेलें चित्रपटगीत मात्र निराळ्याच न्यायानें चालतें. तेथें गायिकेनें हलकेच काढलेला सूर यंत्र मोठा करून देतें. आमची नात तें गाणें मूळ ध्वनिमुद्रणाच्याच उंच पट्टींत, आणि मी सांगितल्यामुळें आरतीच्या जोरानें, गात होती! दोन निराळ्या आवाजांच्या रीती मीं एकाच कोंवळ्या गळ्यांत कोंबल्या. सूज येणार नाहीं तर काय होईल? रानड्यांचें वर्गीकरण मीं पूर्वीं वाचलें होतें. तें पुस्तकी नसून वैद्यकी आहे, हें मात्र आतां कळलें.

आतां त्या आठ दिवसांकडे वळतों. मुलगी बोलणार नाहीं, गाणार नाहीं. मग तिचा वेळ कसा जावा? तिच्या हातीं माझी जुनी पाटी दिली. तिनें पहिला मजकूर लिहिला तो असा, "तुम्हींच म्हणालां होतां, मोठ्यानें गा." आणि पाटी माझ्यासमोर ठेवून ती आंत निघून गेली. दोन दिवस तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. घरांतहि वाद माजला. सूनबाईंचें म्हणणें, प्रवेशशुल्क भरलें आहे, पोशाख शिवला आहे, आठ दिवसांनीं आवाज उघडला तर गाऊं द्यावें. चिरंजीवांचें म्हणणें, हें वर्ष सोडावें. डॉक्टरांस पुन्हां विचारलें तेव्हां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं बोलणें हळूहळू सुरू होईल, पण गाणें सहा आठवडे नाहीं. आतां ताणलें तर गांठी कायमच्या बसतील. निर्णय झाला. स्पर्धा सुटली. मुलगी रात्रभर रडली, आणि तेंहि तिला आवाज न काढतां रडावें लागलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तीच पाटी घेतली. तोंडानें बोलणें मला त्या वेळीं अन्यायाचें वाटलें; तिला बोलतां येत नव्हतें, मग मी तरी कां बोलावें? मीं लिहिलें, "मी चुकलों." आमच्या पिढींत आजोबांनीं नातवंडांस असें लिहून देण्याची चाल नव्हती. तिनें तें वाचलें, पुसलें नाहीं, आणि माझ्याजवळ येऊन बसली.

मग आम्हीं एक खेळ आरंभिला. तो माझा नव्हे. मरे शेफर नांवाचे एक कॅनेडियन संगीतकार व अध्यापक होऊन गेले. २०२१ सालीं ते वारले. विद्यार्थ्यांस गाणें-वाजविणें शिकविण्याआधीं त्यांचे कान स्वच्छ केले पाहिजेत, असें त्यांचें मत. त्यासाठीं ते मुलांस स्वस्थ बसवून, ऐकूं येणारा प्रत्येक नाद लिहून काढावयास सांगत. गांवाचें, वनाचें, रस्त्याचें म्हणून एक ध्वनिचित्र असतें, ही कल्पना त्यांनींच जगांत रुजविली. यांच्याशीं नांवांत साम्य असलेले दुसरे पिएर शेफर, ते फ्रेंच. त्यांनीं १९४८ सालीं आगगाड्यांचे नाद मुद्रित करून, ते कापून जोडून एक रचना सिद्ध केली आणि ती पॅरिसच्या रेडिओवरून ऐकविली. इंजिनाच्या आवाजालाहि कलेंत जागा आहे, असें म्हणणारा तो आरंभींचा मोठा प्रयोग. आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकारानें तर १९५२ सालीं चार मिनिटें तेहतीस सेकंदांची अशी रचना केली कीं तींत वादकानें कांहींच वाजवावयाचें नाहीं. सभागृहांत जें ऐकूं येईल तेंच संगीत. ऐकून हंसूं येतें. परंतु या केजला १९४६ सालीं भारतीय संगीताचे धडे दिले ते अमदाबादच्या गीता साराभाई यांनीं, आणि मन शांत व निर्मळ करणें हा संगीताचा हेतु होय, ही गोष्ट त्यानें त्यांच्याकडूनच घेतली. आपलीच वस्तु किती लांबचा प्रवास करून परत येते पाहा!

आमचें घर विक्रोळींत, कन्नमवारनगरांत. एका बाजूस पूर्व द्रुतगति महामार्ग, दुसरीकडे खाडी आणि तिवरांचें रान. या ठिकाणीं ऐकण्यासारखें काय असणार, असें मलाहि वाटलें. पहिल्या दिवशीं पहाटे गच्चींत बसून नातीनें वहींत चार नांवें लिहिलीं. गाड्या, कावळा, नळ, कुकर. दुसऱ्या दिवशीं नऊ झालीं. पांचव्या दिवशीं एकतीस! महामार्गाचा आवाज एक नसून दोन आहेत, हें तिनें प्रथम सांगितलें. मालमोटारींचा खालचा घोष अखंड आणि दुचाकींचा वरचा तुटक. तिवरांकडून भारद्वाजाचा खोल हुंकार येई. वारा पश्चिमेचा असला तर लोकलचा भोंगा पुसट ऐकूं येई. पावसाचा आवाज पत्र्यावर एक, केळीच्या पानावर दुसरा, छत्रीवर तिसरा. एके दुपारीं तिनें पाटी पुढें केली. "आजोबा, पंख्याचा सा आणि फ्रिजचा सा जुळत नाहीं." मीं कान देऊन ऐकलें. खरेंच जुळत नव्हता. सोळा वर्षें मी त्या दोन यंत्रांमध्यें जेवतों आहें, आणि मला तें ठाऊक नव्हतें.

नारदीय शिक्षेंत सात स्वरांस सात प्राण्यांचे आवाज दिले आहेत. मोराचा षड्ज, बैलाचा ऋषभ, बोकडाचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळेचा पंचम, घोड्याचा धैवत आणि हत्तीचा निषाद. ही केवळ कविकल्पना आहे असें मी समजत असें. ज्या ऋषींनीं ही यादी केली, तेहि असेच कोठेंतरी स्वस्थ बसून, कान उघडे ठेवून, भोंवतालचे नाद लिहून काढीत होते, असें आतां मला वाटतें. आमच्या पोरीच्या वहींतील यादी त्याच कुळांतली.

याबरोबरच एक कटु गोष्टहि ध्यानांत आली. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलच्या वर आवाज असूं नये, असा आपला २००० सालचा नियम सांगतो. शहरांत तो किती पाळला जातो हें सांगावयास नको. गोंगाटांत राहणारें मूल गोंगाटावर मात करावयास आपसूक ओरडून बोलतें, आणि तोच त्याचा स्वभाव बनतो. घरांत दूरदर्शनसंच चालू ठेवून आपण मुलांस एका खोलींतून दुसऱ्या खोलींत हांका मारतों. मुलाचा गळा बिघडविणारी पहिली शाळा ती हीच. गायनाचे वर्ग बिचारे फार मागून येतात.

सहा आठवडे सरले. डॉक्टरांनीं पुन्हां पाहिलें. सूज ओसरली होती. त्या संध्याकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं माळ्यावरचा आपला माहेरचा तंबोरा उतरविला. नात समोर बसली. मीं सवयीनें कांहीं सांगावयास तोंड उघडलें आणि मिटलें. तिनेंहि लगेच सूर लावला नाहीं. पांच मिनिटें ती नुसतीच तारांकडे कान देऊन बसली. मग पूर्वींच्या पट्टीहून दोन सुरांनीं उतरलेला, हलका, कोठेंहि न ताणलेला षड्ज तिनें लाविला. शेवटच्या रांगेपर्यंत तो पोंचला नसता. पण आमच्या घरांतील सातहि माणसें आपापलें काम टाकून दारांत येऊन उभीं राहिलीं, आणि महामार्ग तसाच वाहत असतां आम्हांस त्याचा आवाज कांहीं काळ ऐकूं आला नाहीं.

हें सांगण्यांत माझा स्वार्थ इतकाच कीं माझ्यासारखी चूक दुसऱ्या घरीं होऊं नये. मूल गातें असें दिसलें कीं आपण त्यास पेटी आणून देतों, वर्गांत घालतों, स्पर्धेंत उभें करतों. त्याऐवजीं प्रथम त्यास रोज दहा मिनिटें स्वस्थ बसून ऐकूं द्यावें. गाणें मोठ्यांच्या मूळ पट्टींत न घेतां मुलाच्या गळ्यास सोईच्या पट्टींत घ्यावें. पाणी पिण्याची आठवण करावी. घसा बसला असतां काढा आणि हट्ट या दोहोंवर विसंबून न राहतां गळ्यास विश्रांति द्यावी, आणि दोन-तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाहीं तर डॉक्टरांकडे जावें. आणि ज्यांचा व्यवसायच घशावर चालतो, त्या माझ्या शिक्षकबंधुभगिनींस अध्यापनाच्या शिक्षणक्रमांत फळा व खडूबरोबर आवाज वापरण्याचीहि विद्या मिळावी. देवधर-रानडे यांनीं ती गायकांस, नटांस आणि वक्त्यांस दिली; वर्गांतील मास्तर तेवढा तिला मुकला.

माझा आवाज आतां परत येणार नाहीं. त्याची हळहळहि फारशी उरली नाहीं. नातीनें मला एक जुनीच पण नव्यानें मिळालेली वस्तु दिली आहे. रोज पहाटे आम्ही दोघें गच्चींत बसतों. तिच्या वहींतील यादी परवां साठावर गेली. मला त्यांतले चाळीसच ऐकूं येतात. उरलेले ती मला बोट दाखवून ऐकविते.